सीलबंद डब्याचे माहात्म्य

मालवाहू ट्रक, खाणीवरचे टिपर, जेसीबी आणि चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या यांच्या सुट्ट्या भागांविषयी एक मत आज इतके रुजले आहे, की त्याला काही पुरावा लागतो हेच कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. वाहनकंपन्यांच्या जाहिराती ते सांगतात, निविदांची कलमे तेच घोकतात आणि हाताला कधी ग्रीस न लागलेले खरेदी-अधिकारी ते वेदवाक्य मानतात. मत असे : भाग घ्यावा तो कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, सीलबंद डब्यातला, होलोग्रॅम चिकटवलेला, बाजारातला बाकी सारा माल डुप्लिकेट, जुना भाग म्हणजे भंगार, आणि नेमका कोणता भाग हवा हे चासी नंबर टाकला की संगणकच सांगतो, तेव्हा सुटे भाग मिळवणे हे काम कारकुनाचे, त्यात अक्कल ती कसली लागते! झाशीसारख्या गावाचे नाव निघाले की या मताला आणखी धार चढते. माल घडतो चाकणला, जमशेदपूरला, म्हैसूरला. झाशीत मिळते ती त्याची नक्कल, आणि तिथला मिस्त्री ती हातोड्याने ठोकून बसवतो, असे चित्र पुण्यामुंबईच्या कार्यालयांत मोठ्या आत्मविश्वासाने रंगवले जाते.

चित्र रंगवणाऱ्यांनी झाशी एकदा नकाशावर पाहावी. मराठी वाचकाच्या मनातली झाशी नेवाळकरांच्या वाड्यापाशी सुरू होते आणि १८५८ च्या वेढ्यापाशी संपते. त्यानंतरही ते गाव दीडशेहून अधिक वर्षे नांदते आहे, याची दखल घ्यायला मराठी लेखकांना फारशी सवड झालेली नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदरहून सिलचरला जाणारा महामार्ग २७ इथे एकमेकांना छेदतात, म्हणजे देशाची उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी दोन्ही दिशांची मालवाहतूक या गावाच्या वेशीवरून जाते. बुंदेलखंडातल्या ग्रॅनाइटच्या खाणींतून निघणारी गिट्टी, म्हणजे खडी, आणि बेतवेच्या पात्रातली मौरंग, म्हणजे जाडी तांबूस वाळू, वाहून नेणारे टिपर याच परिसरात राबतात. जवळच बबिन्याची लष्करी छावणी आणि सरावाची मैदाने आहेत. रेल्वेचा मालडबे दुरुस्त करणारा कारखाना झाशीत १८९५ पासून चालू आहे. ज्या गावात सव्वाशेहून अधिक वर्षे चाके आणि आस तपासले जात आहेत, त्या गावाला आसाची पारख नाही असे म्हणायला धाडसच हवे. पण ज्याला माहिती कमी त्याचे धाडस मोठे, हे इथेही दिसते.

वादाचा विषय ड्राइव्हट्रेन हा आहे, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोचवणारी सारी साखळी. तिच्यात आधी क्लच येतो, जो इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडतो व सोडवतो. मग गिअरबॉक्स, जो वेग आणि जोर यांचा सौदा करतो. मग प्रॉपेलर शाफ्ट, ज्याच्या टोकांना असलेले क्रॉस, म्हणजे सुईसारख्या बारीक रुळांच्या बेअरिंगवर फिरणारे अधिक-चिन्हाच्या आकाराचे सांधे, रस्त्याचा खालीवरपणा सहन करतात. आणि शेवटी मागच्या हौजिंगमध्ये डिफरन्शियल, ज्यातील क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी शक्तीची दिशा काटकोनात वळवते आणि आतली छोटी दातेरी चाके ती दोन्ही बाजूंच्या आसांना वाटून देतात. गाडी फोर बाय फोर असेल तर मधे पुढच्या-मागच्या आसांना शक्ती वाटणारी ट्रान्स्फर केस येते आणि पुढच्या आसालाही स्वतःचे क्राऊन-पिनियन असते. या साखळीतला एक भाग चुकला की शेजारचे दोन बिघडतात, म्हणून इथे भागाची निवड हाच दुरुस्तीचा अर्धा भाग असतो.

आता डब्याकडे वळावे. ट्रकवर ज्या कंपनीचे नाव असते ती कंपनी ट्रकातला प्रत्येक भाग घडवते, अशी समजूत या मताच्या मुळाशी आहे आणि ती सरळसरळ चुकीची आहे. फोर्जिंग पुण्याच्या भारत फोर्जचे असू शकते, गिअर मुंब्र्याच्या भारत गिअर्सचे किंवा देवासच्या गजरा गिअर्सचे, आसाची जोडणी १९८१ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या ऑटोमोटिव्ह ॲक्सल्सची, क्लच गुजरातेतील कालोलच्या सेटकोचा. वाहनकंपनी काही भाग स्वतः करते, बाकीचे या मंडळींकडून घेते, आपल्या डब्यात घालते आणि आपल्या किमतीला विकते. यांतल्या कित्येक उत्पादकांचा माल स्वतःच्या नावानेही बाजारात येतो. मग तोच गिअर, त्याच भट्टीत कठीण केलेला, एका डब्यात पवित्र आणि दुसऱ्या डब्यात डुप्लिकेट कसा होतो? डब्याच्या पुठ्ठ्यात असे कोणते पोलाद आहे?

या प्रश्नाला उत्तर म्हणून बाजारातल्या लबाड्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, पण भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला आदेश कोणी सांगत नाही. सुटे भाग मूळ पुरवठादारांना खुल्या बाजारात विकू न देणे आणि स्वतंत्र गॅरेजांना भाग व तांत्रिक माहिती नाकारणे, यासाठी आयोगाने १४ मोटार कंपन्यांवर मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. आदेश मोटारगाड्यांपुरता होता आणि त्यावर पुढे अपिले झाली, हे खरे. परंतु त्यातून दिसणारी रचना ट्रकवाल्यांना अनोळखी नाही. खुल्या बाजारात चांगला माल दिसत नाही याचे एक कारण तो तिथे येऊ दिला जात नाही हेही असते, आणि दार लावून घेणाऱ्यानेच बाहेरच्याला ‘आत का आला नाहीस’ असे विचारावे, हा न्याय फार सोयीचा आहे.

याहून अडचणीचा पुरावा सरकारी आहे. राज्याराज्यांच्या परिवहन महामंडळांची संघटना, एएसआरटीयू, १९६५ मध्ये स्थापन झाली आणि तिच्यामार्फत ही महामंडळे सुट्ट्या भागांसाठी थेट भाग घडवणाऱ्यांशी दरकरार करीत आली आहेत. भागांच्या तपासणीसाठी पुण्यात भोसरीला १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. महाराष्ट्राच्या एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या विभागीय कार्यशाळांत रोज यंत्रे खोलली व जोडली जातात. म्हणजे घाट उतरणाऱ्या, माणसांनी भरलेल्या गाड्यांसाठी सार्वजनिक संस्था वाहनकंपनीच्या डब्याबाहेरचा, पण तपासलेला माल वापरू शकतात. आणि तेच शहाणपण खडी वाहणाऱ्या टिपरसाठी मात्र धोक्याचे ठरते! माणसांहून खडी अधिक नाजूक असते असे समजावे काय?

डबा छापता येतो. होलोग्रॅमही छापता येतो. बनावट माल विकणारा सर्वांत आधी तोच छापतो, कारण गिऱ्हाईक त्यालाच भुलते हे त्याला पक्के ठाऊक असते. छापता येत नाही तो दाता. चांगल्या गिअरच्या दात्याचा पृष्ठभाग कार्बन मुरवून कठीण केलेला असतो, साधारणपणे रॉकवेल मापावर ५८ ते ६२, आणि आतला गाभा त्यामानाने मऊ व चिवट ठेवलेला असतो, म्हणजे वरचा थर झिजत नाही आणि दाता धक्क्याने तुटत नाही. मापनयंत्र हाताशी नसलेला मिस्त्री दात्याच्या कडेवर बारीक कानस चालवून पाहतो : पृष्ठभाग कठीण असेल तर कानस घसरते, चावत नाही, चावली आणि चकचकीत ओरखडा उठला, की भाग मऊ. ही परीक्षा ढोबळ आहे. कठीण थर किती खोल आहे हे ती सांगत नाही आणि संपूर्ण आरपार कठीण केलेला ठिसूळ दाता तिच्यातून निसटू शकतो. पण होलोग्रॅमला बोटाने खरवडून पाहण्यापेक्षा ती कितीतरी अधिक सांगते.

क्राऊन-पिनियनची गोष्ट तर डब्याच्या भक्तांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ही दोन चाके कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोहोंवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. एका जोडीचा क्राऊन दुसऱ्या जोडीच्या पिनियनवर चढवला तर दोन्ही भाग कितीही अस्सल असोत, जोडी घोंघावते आणि लवकर मरते. बसवतानाही पिनियनमागे पातळ पत्र्या, ज्यांना सगळे शिम म्हणतात, घालून त्याची खोली ठरवावी लागते. जाणता मिस्त्री शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या तीन-चार दात्यांना लावतो, पिनियनला थोडा अटकाव करीत जोडी फिरवतो आणि उमटलेला डाग वाचतो. डाग दात्याच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे पडला तर ठीक; दात्याच्या माथ्याकडे सरकला तर पिनियन क्राऊनपासून लांब राहिले आहे; मुळाकडे उतरला तर ते फार आत गेले आहे. मग पत्री बदलायची, पुन्हा शेंदूर, पुन्हा डाग. सीलबंद डब्यातली नवी जोडी आणून हे न करता घट्ट आवळणाऱ्या झगझगीत वर्कशॉपपेक्षा पत्र्याच्या छपराखाली हे करणारा माणूस गाडीमालकाचे अधिक भले करतो. त्याला हातोडेवाला म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना तो डाग वाचता येईल?

आता संगणक. चासी नंबरावरून मिळणारी यादी गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी तिच्यात काय होते ते सांगते. पंधरा वर्षे खाणीत राबलेल्या टिपरात आज काय आहे, याची त्या यादीला खबर नसते. मधल्या काळात आस बदललेला असतो, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा आलेला असतो, आणि चालकाला चढावर जोर हवा म्हणून गुणोत्तरही बदललेले असते. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ६ असतील तर गुणोत्तर ६.८३ होते; क्राऊनला ३७ असतील तर ६.१७. पहिली जोडी जोराची, दुसरी वेगाची, आणि बाहेरून हौजिंग पाहून फरक कळेलच असे नाही. तेव्हा जुना भाग उघडून दाते मोजणे हाच भरवशाचा मार्ग उरतो. आणि तो मार्ग बाजारातल्या दुकानदाराला ठाऊक असतो, म्हणून तो ‘गाडी कोणती’ यानंतर लगेच ‘दाते किती’ हे विचारतो.

फोर बाय फोर गाडीत याच अज्ञानाची किंमत दुप्पट होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलिस जीपच्या आसांचे गुणोत्तर ४.८८ होते, म्हणजे ३९ भागिले ८. युद्धानंतरच्या नागरी जीपला, आणि त्याच वंशातल्या ज्या जीपपासून महिंद्राचा वाहनव्यवसाय उभा राहिला तिला, ५.३८ म्हणजे ४३ भागिले ८ असे गुणोत्तर मिळाले. एका गाडीला पुढे एक आणि मागे दुसरे लागले, तर दोन्ही आस जोडल्याक्षणी पुढची आणि मागची चाके सुमारे दहा टक्के वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. चिखलात चाके घसरून हा ताण सुटतो; कोरड्या कठीण रस्त्यावर तो ट्रान्स्फर केसमध्ये आणि क्रॉसमध्ये साठत जातो आणि सर्वांत दुबळी जागा तुटते. दोन्ही आस अस्सल, दोन्ही सीलबंद, आणि गाडी रस्त्यात! संगणकाने मागितले ते दिले. चूक मागणाऱ्याची होती, आणि मागायला अक्कल लागत नाही असे त्यालाच शिकवले गेले होते.

जुन्या मालाला सरसकट भंगार म्हणणे हा या मताचा सर्वांत आळशी भाग. जबलपूरला एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून १९९६ पर्यंत तयार झालेला, जर्मन मान कंपनीच्या आराखड्यावरचा शक्तिमान ट्रक घ्या. त्याचे उत्पादन थांबल्याला तीन दशके होत आली. ज्याला तो चालता ठेवायचा आहे त्याने कोणत्या अधिकृत विक्रेत्याचे दार ठोठवावे? जुन्या गाड्यांची हौजिंगे, ट्रान्स्फर केसची कवचे, पुढच्या आसाचे गोलाकार सांधे हे भाग मोडलेल्या गाड्यांतूनच मिळतात. बिडाचे हौजिंग तडा गेलेले नसेल आणि बेअरिंगची बैठक मापात असेल, तर वीस वर्षांनंतरही कामाचे असते. याउलट क्लच प्लेट, तेलाचे सील, क्रॉसची सुई-बेअरिंगे ही जुनी घेणे म्हणजे पैसे देऊन अपघात विकत घेणे. काय जुने चालते आणि काय चालत नाही, हा विवेक म्हणजेच या व्यवसायाचे ज्ञान. ‘जुने ते भंगार’ हे सूत्र त्या ज्ञानाला सुट्टी देते. अमेरिकेची कॅटरपिलर कंपनी १९७३ पासून जुने भाग परत घेऊन, खोलून, मापात आणून पुन्हा विकते आणि त्याबद्दल पर्यावरणप्रेमी म्हणून मिरवते. झाशीतला लेथवाला झिजलेल्या शाफ्टची बैठक भरून पुन्हा मापात आणतो, तेव्हा मात्र त्याच्याकडे पाहून नाक मुरडले जाते. कॅटरपिलर प्रत्येक भाग तपासून हमी देते आणि लेथवाला देत नाही, हा फरक महत्त्वाचा आहे. पण मग मागणी हमीची आणि तपासणीची करावी, लेथ बंद करण्याची कशाला?

‘संपूर्ण असेम्ब्लीच बदला’ हा सल्लाही याच डब्यातून निघतो. एका बेअरिंगने आवाज केला की अख्खा डिफरन्शियल उतरवून नवा बसवण्यात वर्कशॉपचा वेळ वाचतो आणि बिल वाढते. गाडीमालकाचे काय वाचते ते त्याने शोधावे. काही वेळा असेम्ब्ली बदलणेच योग्य असते, विशेषतः महामार्गावर भरलेला माल अडकला असेल तेव्हा. पण तो हिशेब तासांचा आणि भाड्याचा आहे, शुद्धतेचा नव्हे.

उरतो तो शेवटचा आणि सर्वांत लाडका पुरावा : ‘बाहेरचा भाग टाकला आणि महिन्यात गेला.’ गेला असेल; पण का गेला हे कोणी तपासले? केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकचे अनुज्ञेय एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन केले, आणि बुंदेलखंडात गिट्टी-मौरंगाच्या गाड्या त्या मर्यादेलाही मान देतातच असे नाही. रोलर बेअरिंगवरचा भार २० टक्क्यांनी वाढला, तर गणिताने त्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. हे गणित बेअरिंगच्या डब्यावरचे नाव विचारत नाही. तेलाचेही तसेच. डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसवलेले असले की दाते नुसते लोळत नाहीत, घसरतातही, म्हणून तिथे जीएल-५ दर्जाचे, प्रचंड दाब सोसणारे तेल लागते. तेच तेल पितळी कड्या असलेल्या कित्येक गिअरबॉक्सांत घातले तर त्यातली रसायने पितळ खाऊ शकतात. तेल चुकले, शिम चुकली, क्रॉस बसवताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत ठेवले नाहीत, आणि दोष द्यायला बाजार तयारच आहे.

बनावट मालाचा धंदा आहे आणि तो घाणेरडा आहे, एवढे मान्य केल्याने या प्रतिवादाचे काही बिघडत नाही. चोरीच्या गाड्या फोडून विकण्यासाठी बदनाम झालेला मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी बंद पाडला, ते योग्यच झाले. खोटे व्यापारचिन्ह लावणाऱ्याला १९९९ च्या कायद्याने सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. ती शिक्षा व्हावी. परंतु बनावट मालाला आजवर कोणी पोसले, हेही सांगावे. सुट्ट्या भागांपैकी अनेकांवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता, आणि बिनबिलाच्या मालाला त्याइतके दुसरे आमंत्रण नव्हते. सर्व भागांना सरसकट १८ टक्के हा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. शिवाय अस्सल भागाची किंमत आणि त्याच उत्पादकाच्या खुल्या भागाची किंमत यांतील दरी जितकी रुंद, तितकी बनावटवाल्याला जागा मोकळी. ‘फक्त आमचा डबा’ हा आग्रह चांगल्या स्वतंत्र मालाला आणि बनावट मालाला एकाच रांगेत उभा करतो. गिऱ्हाइकाला दोहोंतला फरक शिकवणे तो नाकारतो, आणि फरक न कळणारे गिऱ्हाईक बनावटवाल्याला फारच आवडते.

तेव्हा महामंडळांच्या, नगरपालिकांच्या, खाणमालकांच्या खरेदी-विभागांनी निविदांतले ‘केवळ वाहनकंपनीचे अस्सल भाग’ हे कलम खोडावे आणि त्या जागी दात्यांची संख्या, कठीणपणाची मर्यादा, क्राऊन-पिनियनचा जोडक्रमांक, भाग घडवणाऱ्याचे नाव असलेले पक्के बिल आणि मान्य प्रयोगशाळेचा दाखला या अटी लिहाव्यात. हे लिहिता येत नसेल, तर खरेदीची खुर्ची काही दिवस रिकामी ठेवून झाशीच्या एखाद्या लेथवाल्याशेजारच्या स्टुलावर बसावे आणि दाते मोजायला शिकावे.